३३ ओहमचा रेझिस्टर आणि ४५ लाखांचं लोन

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी २६ वर्षांची, पुण्यातच इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचं (ई अँड टीसी) इंजिनिअरिंग केलेली, सीजीपीए ७.४. गेली तीन वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मशीन कंट्रोलरचे बोर्ड डिझाईन करते, तिच्या शब्दांत "स्लो बोर्ड, काही दम नसलेलं काम". तिला हाय-स्पीड सर्किट डिझाईनमध्ये मास्टर्स करायचंय. अमेरिकेतल्या दोन युनिव्हर्सिटींचे अ‍ॅडमिट हातात आहेत, स्कॉलरशिप नाही, एकूण खर्च ४५ लाख, डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. बाबा धायरीचा फ्लॅट तारण ठेवायला एका पायावर तयार आहेत. दुसरा पर्याय म्हणजे नोकरी सोडून वर्षभर गेटचा, म्हणजे इथल्या एमटेकच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास. मनात भीती अशी की इंजिनिअरिंगला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये कसेबसे ४२ मार्क पडले होते. ती विचारते, "ताई, डिग्री नसेल तर या फील्डमध्ये कोणी दारात उभं करत नाही. मग कर्ज काढू की गेट देऊ? आणि मुळात हे मला झेपणार आहे का?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लोन, गेट, आईबाबा हेच डोक्यात राहिलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मधेच एका ठिकाणी थांबले, तू जाताजाता चार ओळी लिहून पुढे गेलीयेस तिथे. मागच्या पावसाळ्यात मायक्रोकंट्रोलरची नवी बॅच आली, पार्ट नंबर तोच, आणि पंधरातले चार बोर्ड मधूनच हँग व्हायला लागले, फ्लॅश मेमरीच्या चिपमधून चुकीचा डेटा वाचला जात होता. सिनिअर म्हणाले एसपीआयच्या, म्हणजे कंट्रोलर आणि फ्लॅशमधल्या जोडणीच्या, क्लॉकला ३३ ओहमचा रेझिस्टर टाक. तू ब्लेडने बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक कापून ०६०३ मापाचा छोटा रेझिस्टर आडवा सोल्डर केलास, आधी फ्लॅशच्या बाजूला, काही फरक पडला नाही, मग कंट्रोलरच्या पिनला अगदी चिकटून, आणि बोर्ड चालला. रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस की एका बाजूला चालतो आणि दुसऱ्या बाजूला का चालत नाही, तर उत्तर मिळालं, "चाललं ना, मग सोड."

तू ते सोडलेलं नाहीस, नाहीतर आठ महिन्यांनी मला लिहिलं नसतंस. आणि गंमत बघ, ज्या कामाला तू स्लो म्हणतेस तेच हे काम.

तुझा क्लॉक २० मेगाहर्ट्झचा, ट्रॅक १२ सेंटीमीटरचा. वीस मेगाहर्ट्झ ऐकायला काहीच नाही. पण ट्रॅकला क्लॉकच्या आकड्याशी घेणंदेणं नसतं, त्याला दिसते ती सिग्नलची कड, म्हणजे शून्याचा एक व्हायला किती वेळ लागतो ते. एकाच पार्ट नंबरखाली चिप नव्या प्रोसेसवर बनायला लागली की कडा जास्त तीव्र होतात, हे बऱ्याचदा घडतं. समज ती कड १ नॅनोसेकंदाची झाली. ०.३५ भागिले राईज टाईम हा अंदाजाचा हिशोब धरला तर ३५० मेगाहर्ट्झपर्यंतचा मामला झाला. एफआर-४ या नेहमीच्या मटेरिअलच्या बोर्डवर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो, म्हणजे तुझे १२ सेंटीमीटर जाऊन परत यायला १.६ नॅनोसेकंद. कड कधीच संपलीये, आणि तिचा प्रतिध्वनी नंतर येऊन धडकतोय. फ्लॅशला वाटतं क्लॉक दोनदा आला. तुझ्या चार लेअरच्या बोर्डवर ट्रॅकचा इम्पिडन्स, म्हणजे धावत्या लाटेला जाणवणारा विरोध, ५० ओहमच्या आसपास असणार, कंट्रोलरच्या आउटपुटचा स्वतःचा रेझिस्टन्स १५-२० ओहम, त्यात तुझे ३३ मिळवले की ५० होतात, मग परत आलेली लाट तिथेच जिरते, पुन्हा उसळत नाही. फ्लॅशच्या बाजूला टाकलास तेव्हा तिथलं इनपुट जवळजवळ ओपनच, त्याच्या अलीकडे ३३ ओहमनी काय होणार, लाट तशीच परत फिरणार.

हे सगळं मी एवढं सविस्तर लिहिलं कारण तुझा पहिला समज मला इथेच मोडायचाय, की हाय-स्पीड नावाचं एक वेगळं, लांबचं गाव आहे आणि डिग्रीचं तिकीट काढल्याशिवाय तिथे जाता येत नाही. तू त्या गावात तीन वर्षं राहतेयस, फक्त पाटी कुणी दाखवली नाही.

आता डिग्रीचा प्रश्न. तो खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, पण तुझ्या पत्रात तीन वेगवेगळी कामं एकाच नावाखाली आलीयेत आणि त्यामुळे सगळा घोळ झालाय. एक काम चिपच्या आतलं. सर्डेस (वेगवान डेटा-लिंक), पीएलएल (क्लॉक बनवणारं सर्किट), वेगवान एडीसी (सिग्नलचे आकडे करणारं सर्किट), ट्रान्झिस्टर लेव्हलला बसून डिझाईन करायचं. तिथला वेग कल्पनेपलीकडचा असतो, कॉम्प्युटरमधल्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची सहावी आवृत्ती घे, सेकंदाला ६४ गिगाट्रान्सफर, पॅम-४ म्हणजे एका चिन्हात दोन बिट, तर एका चिन्हाच्या वाट्याला सुमारे ३१ पिकोसेकंद येतात, बोर्डवर मोजलं तर पाच मिलिमीटरपेक्षा कमी. तीन इंचांच्या ट्रॅकवर एकाच वेळी सोळाएक चिन्हं वाटेत असतात! हे काम करायचं असेल तर मास्टर्स लागतंच, कंपन्या सरळ विचारतात, आणि योग्यही आहे, कारण हे नोकरीत बघून बघून शिकता येत नाही, कुणीतरी दोन वर्षं शेजारी बसवून शिकवावं लागतं, शक्य झालं तर एक चिप बनवून घेऊन मोजावीही लागते.

दुसरं काम बोर्ड आणि पॅकेजचं, सिग्नल इंटिग्रिटी आणि पॉवर इंटिग्रिटी, म्हणजे सिग्नल आणि पॉवर न बिघडता पोचवायचं. इथे मास्टर्स असेल तर उत्तम, पण मी गेली बावीस वर्षं याच कामात आहे, इंटरव्ह्यू घेतले आहेत, आणि टेबलापलीकडे बसलेल्याला मी पहिला प्रश्न डिग्रीचा कधी विचारत नाही. मी विचारते की तू स्वतः मोजलेली आणि सिम्युलेशनशी न जुळलेली एखादी गोष्ट सांग. जिच्याकडे गोष्ट असते ती पंधरा मिनिटं थांबत नाही. तुझ्याकडे गोष्ट आहे. तिसरं काम आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) आणि इन्स्ट्रुमेंटेशनचं, त्याबद्दल खाली येते.

तुझ्या पत्रावरून मला तरी तू दुसऱ्या कामाची माणूस वाटतेस, पण हे मी ठरवायचं नाही. ठरवायचा एक स्वस्त मार्ग आहे. स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं १३० नॅनोमीटरचं पीडीके, म्हणजे चिप डिझाईन करायला लागणाऱ्या फाइल्स, २०२० पासून सगळ्यांना फुकट उघडं आहे, एक्सकीम (सर्किट काढायला) आणि एनजीस्पाइस (ते चालवून बघायला) लॅपटॉपवर टाक, आणि एक साधा रिंग ऑसिलेटर, मग एक डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर करून बघ. तीन-चार शनिवार-रविवार दे. ट्रान्झिस्टरची रुंदी बदलत बसण्यात वेळ कसा गेला कळलं नाही तर चिपच्या दिशेने जा, कंटाळा आला आणि सारखं बोर्डाकडेच मन गेलं तर तेही उत्तरच झालं.

आता ४२ मार्क. मला याचं खरंच वाईट वाटतं, तुझ्याबद्दल नाही, हा विषय ज्या क्रमाने शिकवला जातो त्याबद्दल. आधी फळ्यावर कर्ल आणि डायव्हर्जन्स, मग मॅक्सवेलची चार समीकरणं पाठ, मग स्मिथ चार्ट, आणि हे सगळं होईपर्यंत एकाही मुलाने केबलच्या टोकावरून परत आलेली लाट स्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलेली नसते. मग परीक्षेच्या आदल्या रात्री अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गाईड. त्या ४२ वरून तुला फील्ड्स जमतात की नाही हे कुणालाच कळणार नाही, तुलाही नाही.

म्हणून एक प्रयोग सांगते, तुलाच नाही, ज्यांना ज्यांना या विषयाची धास्ती आहे त्या सगळ्यांना. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, १० मीटर आरजी-५८ कोअ‍ॅक्स केबल घे, दोन बीएनसी कनेक्टर, ५० ओहमचं एक टर्मिनेशन (केबलच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) आणि ७४एचसी१४ ही एक इन्व्हर्टर चिप. त्या चिपने साधारण १ मेगाहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह बनव, आउटपुटला मालिकेत रेझिस्टर टाक म्हणजे एकूण ५० ओहमच्या जवळ येईल, आणि केबलच्या सुरुवातीलाच स्कोप लाव. या केबलमध्ये सिग्नलला एका मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, दहा मीटर जाऊन परत यायला १००. ऑफिसमधल्या साध्या १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर हे आरामात दिसतं. टोक उघडं ठेव, व्होल्टेज आधी अर्ध्यावर जाऊन थांबेल आणि बरोब्बर १०० नॅनोसेकंदांनी उरलेलं अर्धं चढेल. टोक शॉर्ट कर, अर्ध्यावर जाऊन परत शून्यावर येईल. ५० ओहम लाव, अर्ध्यावरच राहील, काहीच परत येणार नाही. ज्या अर्ध्या पायरीवर सिग्नल थांबतो ना, तेवढ्या वेळात त्याला टोकाला काय आहे हे माहीतच नसतं, तो अजून पोचलेलाच नसतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की मग रिफ्लेक्शन कोएफिशंटचं सूत्र पाठ करावं लागत नाही, तू स्वतःच मांडशील. त्यानंतर पुस्तक उघड, आणि एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसवर, ट्रान्समिशन लाईन्सची लेक्चर्स आहेतच. उलट क्रमाने शिक, एवढंच.

पैशांचं बोलूया, कारण तीन आठवडे त्याचेच आहेत. ४५ लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं, असं धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण ६२ हजार येतो, आणि शिकत असताना साठत जाणारं व्याज यात धरलेलंच नाही. तिकडे लगेच नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही हे खरं. पण नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला, व्हिसाचे नियम बदलले, किंवा तुलाच परत यावंसं वाटलं, तर हाच हप्ता इथल्या पगारातून द्यायचा आहे आणि मागे बाबांचा राहता फ्लॅट आहे. तू लिहिलंयस की तू विचारायच्या आधीच ते हो म्हणाले. त्यांची माया त्यात दिसतेच, पण त्यांनी हा हिशोब कागदावर पाहिलाय का? रविवारी चहा झाला की त्यांच्यासमोर वही घेऊन बस, ६२ हजार लिही, वाईटात वाईट काय होऊ शकतं ते लिही, आणि मग त्यांना पुन्हा विचार. त्यांना घाबरवायला नाही गं, निर्णय दोघांचा व्हावा म्हणून.

अमेरिकेला जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. पण ज्या दोन युनिव्हर्सिटींची नावं तू कळवलीस त्यांच्याबद्दल पत्रात रँकिंगशिवाय एक ओळ नाही. कोणत्या प्रोफेसरची लॅब, तिथे मागच्या पाच वर्षांत कुणी कशावर थीसिस केला, कोर्सला खरी मेजरमेंट लॅब आहे का, व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरला विद्यार्थ्यांना हात लावायला मिळतो का, मास्टर्सच्या मुलांना चिप बनवून घ्यायला मिळते की ते फक्त पीएचडीवाल्यांना, थीसिस नसलेला कोर्स असेल तर तो दहा विषय पास होण्यापलीकडे काय देणार आहे? थीसिस बहुतेक लायब्ररीच्या साईटवर उघडे असतात, नावं वाच, दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना लिही, आणि "कॉलेज कसं आहे" असं विचारू नकोस, "तू कोणतं इन्स्ट्रुमेंट स्वतः वापरलंस" असं विचार. याची उत्तरं चांगली आली आणि असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतलंच पगारी काम) मिळायची खरी शक्यता दिसली, तर कर्जाचा आकडाही खाली येतो आणि मग माझं मत बदलेल. आणि अ‍ॅडमिट पुढच्या वर्षावर ढकलता येतो का हे आजच ईमेल करून विचार, काही ठिकाणी देतात, विचारायला पैसे पडत नाहीत.

गेटबद्दल तुझा दुसरा समज असा की नोकरी सोडल्याशिवाय होत नाही, आणि नाही जमलं तर वर्ष वाया. नोकरी सोडू नकोस, निदान आत्ता. पेपर फेब्रुवारीत असतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या (ई-सी) पेपरच्या सिलॅबसमध्ये ट्रान्समिशन लाईन्स, इम्पिडन्स मॅचिंग, एस-पॅरामीटर्स, स्मिथ चार्ट हे सगळं आहे, म्हणजे जी गोष्ट तुला एवीतेवी शिकायचीच आहे तिचाच अभ्यास. स्कोअर तीन वर्षं चालतो. एमटेकला गेटवाल्यांना महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, फार नाहीत, पण फ्लॅट तारण ठेवून शिकणं आणि खिशात थोडे का होईना पैसे येत शिकणं यात रात्रीच्या झोपेचा फरक आहे. आयआयटी मुंबईत इलेक्ट्रिकलच्या एमटेकमध्ये चिपकडची आणि सिस्टम्सकडची स्पेशलायझेशन वेगवेगळी आहेत, फॉर्म भरताना हे बघूनच भर. बंगळुरूला आयआयएससीत इलेक्ट्रॉनिक सिस्टम्स इंजिनिअरिंगचा विभाग आहे, जुने लोक त्याला अजून सीईडीटी म्हणतात, बोर्ड आणि प्रॉडक्टची आवड असलेल्यांनी तो नक्की बघावा. आयआयटी मद्रासचा एमएस बाय रिसर्चही आहे, तिथे इंटरव्ह्यूला वजन असतं, आणि इंटरव्ह्यूत तुझ्या ३३ ओहमला वजन असेल.

सी-डॅकच्या व्हीएलएसआय डिप्लोमाबद्दल तू शेवटी विचारलंयस. सहा महिन्यांचा चांगला कोर्स आहे, पण भर डिजिटल डिझाईन आणि व्हेरिफिकेशनवर. नोकरी लवकर हवी असेल, कोडिंग आवडत असेल तर जरूर कर. तुला हवंय ते त्यात नाही.

फक्त पॅकेज वाढावं म्हणून जे मास्टर्सचा विचार करतायत त्यांनाही एक सांगते. त्यात गैर काही नाही, घरची जबाबदारी असते, पण मग हा विषय निवडू नका. सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्याच कष्टात पैसे लवकर येतात. इथे पहिली काही वर्षं संथ जातात, आणि लाट कुठून परत येतेय हे शोधण्यात मन रमत नसेल तर ती फार लांब वाटतात.

तिसऱ्या कामाचं राहिलं होतं. पुण्यात राहून तू कधी खोडदला गेलीयेस का? नारायणगावजवळ, इथून ८० किलोमीटर, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तिथे प्रत्येक डेसिबलसाठी भांडावं लागतं, सगळ्या डिशमधून तो फायबरने एका इमारतीत येतो, तिथे डिजिटाईज होतो, ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदीचा पट्टा एकाच वेळी. हे सगळं इथल्या इंजिनिअर लोकांनी बांधलंय. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ते सगळ्यांसाठी उघडं असतं, शाळेची मुलं गर्दी करतात, तू एखाद्या बॅकएंडवाल्या इंजिनिअरला गाठ आणि क्लॉक डिस्ट्रिब्युशनबद्दल विचार. जी एमएसला जायच्या गडबडीत आहे तिला दोन तासांच्या अंतरावरची ही लॅब माहीत नसावी हे बरं नाही.

आणि २६ वय. आई काळजीने बोलते, तिला बोलू दे. मला कामावर घेताना तीन वर्षं सोल्डरिंग आयर्न धरलेली एमटेक मुलगी आणि सरळ शिकत आलेली एमटेक मुलगी यात निवडायचं झालं तर मी पहिलीला घेईन, कारण तिला प्रश्न आधी पडलेले असतात.

तर मला विचारशील तर असं कर. डिपॉझिट या तीन आठवड्यांत भरू नकोस, अ‍ॅडमिट पुढे ढकलायला विचार. नोकरीत राहा. गेटचा फॉर्म आला की भर. वर्षभरात केबलचा प्रयोग, रिंग ऑसिलेटर, आणि कीकॅड या बोर्ड डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा एक छोटा चार लेअरचा बोर्ड, ज्यात मुद्दाम एक ट्रॅक चुकीच्या इम्पिडन्सचा ठेवलेला, म्हणजे चुकीचं कसं दिसतं तेही कळेल. पुढच्या वर्षी या वेळेला तुझ्याकडे गेटचा स्कोअर असेल, तीनपैकी कोणतं काम ते कळलेलं असेल, आणि एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, "लहानपणापासून इलेक्ट्रॉनिक्सची आवड" या वाक्याऐवजी लिहायला खरं काहीतरी असेल. तेव्हाही अमेरिका हवी असली तर जा, तेव्हा तुला कोणत्या लॅबमध्ये जायचंय ते माहीत असेल.

पण सगळ्यात आधी, या आठवड्यातच, स्टोअरमधून त्या चार बोर्डांपैकी एक काढ. ३३ ओहम काढून तिथे वायरचा तुकडा लाव आणि फ्लॅशच्या पिनवर क्लॉक बघ, फोटो काढ. मग रेझिस्टर परत लाव, पुन्हा फोटो. फक्त एक काळजी घे. माझ्या पहिल्या नोकरीत १३० मेगाहर्ट्झच्या आसपासचं रिंगिंग मी दोन दिवस बोर्डात शोधत होते, टर्मिनेशन बदललं, कपॅसिटर बदलले, आणि शेवटी आमच्या टेक्निशियन काकांनी काही न बोलता प्रोबची ती १५ सेंटीमीटरची ग्राउंड क्लिप काढली आणि टोकाला छोटी स्प्रिंग बसवली, रिंगिंग जवळजवळ गेलंच. त्या वायरचं इंडक्टन्स मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री, म्हणजे १५०, आणि प्रोबचे १० पिकोफॅरड, रेझोनन्सच्या सूत्रात, १/(२π√LC), घालून बघ, बरोबर १३० मेगाहर्ट्झच येतात. स्प्रिंग प्रोबच्या डब्यातच असते, बहुतेक कुणी ती पिशवी उघडलेलीही नसते. ती शोध, लाव, आणि दोन्ही फोटो मला पाठव.